वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकाचा बॅकअप, खिशाला परवडेल असा

या वेळी सोलापूर शहरातून आणि आसपासून आलेल्या पत्रांत बॅकअपबद्दलचीच पत्रं जास्त होती, म्हणून सदराची सगळी जागा त्या एका विषयाला दिली आहे. पत्रांत घरच्या कागदपत्रांचे आणि धंद्याचे तपशील असल्यामुळे नावं न छापता फक्त भाग दिला आहे.

प्रश्न : घरी आठ वर्षांचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०. नातवंडांचे फोटो, घराची स्कॅन केलेली कागदपत्रं, पेन्शनचे कागद आणि जुनी कीर्तनाची रेकॉर्डिंग मिळून १८० जीबी भरतं. हे सगळं मी डी ड्राइव्हमध्येही कॉपी करून ठेवलं आहे. दुकानदार म्हणतो, एवढ्यावर भागणार नाही, ‘नास’ नावाचं यंत्र घ्या. त्याचा खर्च ऐकूनच गप्प बसलो. खरंच लागेल का?
— निवृत्त शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : नास म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायची, डिस्क बसवलेली पेटी. तिची तुम्हाला गरज नाही. मात्र डी ड्राइव्हवर भागणार नाही, हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात ‘डिस्क ०’ समोरच्या एकाच पट्टीत सी आणि डी दोन्ही दिसले, तर डिस्क एकच आहे आणि ती गेली की दोन्ही प्रती एकदम जातात. समजा डिस्क दोन निघाल्या, तरी त्या एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसवर (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) चालतात. वळवाच्या पावसात व्होल्टेज उसळलं, कॅबिनेट चोरीला गेलं किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, तर तिन्ही प्रसंगांत दोन्ही डिस्क एकत्रच सापडतात. रॅन्समवेअर तर त्या क्षणी संगणकाला जे जे जोडलेलं असेल ते सगळं कुलूपबंद करतं. म्हणून संगणकाला जोडलेली नसलेली प्रत, तीच बॅकअप. आमचा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती फिरतो.

एक १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. भाव वरखाली होत असतात, म्हणून नवी पेठेत किंवा सात रस्त्याला दोन-तीन दुकानांत विचारा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटी फक्त डिस्कची असते. आतला डेटा कंपनी परत देत नाही. विंडोजमध्ये ही डिस्क ९३१ जीबीचीच दिसेल. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. १८० जीबीसाठी ती अनेक वर्षं पुरेल.

डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळा पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी ३. पुढच्या पोर्टला आतून लांब वायर असते आणि डेस्कटॉप जुना झाला की ती सैल पडते. कॉपी मध्येच तुटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. यूएसबी ३ वर पोर्टेबल डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी घेते, म्हणजे १८० जीबीला अर्धा तास. काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टवर वेग ३० एमबीच्या आसपास राहतो आणि तेच काम पावणेदोन तासांवर जातं. फोटो म्हणजे हजारो लहान फायली, त्यामुळे दोन्हीकडे यापेक्षा थोडा जास्तच वेळ धरा.

काय कॉपी करायचं? विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स ही फोल्डरं नकोत, ती पुन्हा टाकता येतात. सी ड्राइव्हमध्ये ‘यूझर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स हे सगळं घ्या. डाउनलोड्स बरेच जण सोडून देतात, आणि बँकेची स्टेटमेंटं, विम्याच्या पावत्या नेमक्या तिथेच पडलेल्या असतात. त्याशिवाय थेट सी ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः केलेली फोल्डरं. ब्राउझरचे बुकमार्क वेगळे एक्स्पोर्ट करून त्याच डिस्कवर ठेवा.

पहिल्यांदा साधं कॉपी-पेस्ट चालेल. दुसऱ्या वेळेपासून ‘फ्री फाइल सिंक’ हा मोफत प्रोग्रॅम वापरा. डाव्या बाजूला संगणकातलं फोल्डर, उजव्या बाजूला डिस्कवरचं फोल्डर निवडायचं, ‘कम्पेअर’ दाबायचं, काय बदललंय ते डोळ्यांखालून घालायचं आणि मग ‘सिंक्रोनाइझ’. हिरव्या चाकाच्या चिन्हात पद्धत निवडता येते. तिथे ‘मिरर’ निवडू नका. मिरर म्हणजे डावीकडे जसं असेल हुबेहूब तसं उजवीकडे. डावीकडून चुकून एखादं फोल्डर उडालं असेल, तर पुढच्या मिररला ते बॅकअपमधूनही उडतं. ‘अपडेट’ निवडा, त्यात नवीन आणि बदललेल्या फायली जातात, उजवीकडचं काही पुसलं जात नाही. त्याच पानावर ‘व्हर्जनिंग’ आहे, ते चालू करून डिस्कवरचंच एखादं वेगळं फोल्डर द्या. म्हणजे बदललेल्या फाइलची जुनी प्रतही तिथे शिल्लक राहते. अपडेट पद्धतीचा तोटा एवढाच की संगणकात फोल्डरचं नाव बदललं किंवा ते हलवलं, तर डिस्कवर जुनं आणि नवं दोन्ही राहतं. जागा भरपूर आहे, वर्षातून एकदा आवरा.

हा प्रोग्रॅम नको असेल तर विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलखाली ‘फाइल हिस्टरी’ आहेच, पण तिची एक सेटिंग बदलून घ्या. जुन्या आवृत्त्या ‘फॉरएव्हर’ ठेवायच्या अशी तिची मूळ सूचना असते आणि त्याने डिस्क भरत जाते. तिथे ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करा.

काम झालं की टास्कबारवरून ‘इजेक्ट’ करा, दिवा शांत होऊ द्या, मग वायर काढा आणि डिस्क कपाटात ठेवा. ती संगणकालाच लटकवून ठेवली तर सगळी मेहनत वाया. आता राहिली घराबाहेरची प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हे सूत्र छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलं आणि घरासाठीही तेच पुरेसं आहे. जमेल तेव्हा अशीच दुसरी डिस्क घेऊन लेकीकडे, भावाकडे, कुणातरी जवळच्याकडे ठेवा. मात्र शेजारच्या फ्लॅटमध्ये नको, दुसऱ्या भागात हवी. महिन्या-दोन महिन्यांनी जाणं-येणं होतं तेव्हा अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही डिस्क ताज्या राहतात. आणि दुसऱ्या डिस्कचे पैसे जुळेपर्यंत नुसती कागदपत्रं तरी एका चांगल्या पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेर ठेवाच. ती क्वचितच २-३ जीबीच्या वर जातात.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमचा संगणक अजून त्यावरच असेल तर बॅकअपचं काम या आठवड्यातच उरका.

प्रश्न : कापडाचं होलसेल दुकान आहे. टॅलीचा डेटा रोज रात्री बंद करताना पेन ड्राइव्हवर घेतो. एकच पेन ड्राइव्ह, रोज त्याच्यावरच. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या बॅलन्स जुळेनात, म्हणून आदल्या आठवड्याचा डेटा पाहायला गेलो, तर पेन ड्राइव्हवरही तेच चुकलेलं. रोज बॅकअप घेऊन असं कसं झालं?
— चाटी गल्ली

उत्तर : तुमच्याकडे रोजचा बॅकअप नव्हता, फक्त कालचा होता. चूक आठवड्याभरानं लक्षात आली आणि तोवर चांगली प्रत चुकीच्या प्रतीखाली गाडली गेली होती. हिशेबाच्या डेटाचं बिघडणं बहुधा असंच उशिरा उघडकीला येतं, त्यामुळे इथे एका प्रतीपेक्षा जुन्या तारखांच्या प्रती जास्त मोलाच्या.

टॅलीचा डेटा लहान असतो, त्यामुळे उपाय स्वस्त आहे. ३२ जीबीचे तीन पेन ड्राइव्ह घ्या आणि पेननं अंगावर लिहा : सोम-गुरू, मंगळ-शुक्र, बुध-शनि. प्रत्येकावर तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करून त्यात बॅकअप घ्यायचा, उदाहरणार्थ ‘२०२६-०१-१७’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिलं की फोल्डरं आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. तारखेत तिरकी रेघ घालू नका, विंडोज ती नावात घेत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसाची प्रत वेगळ्या डिस्कवर कायमची ठेवा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणून मार्चअखेरची प्रत पुसायचीच नाही.

डेटा फोल्डर नुसतं कॉपी करत असाल तर आधी टॅली पूर्ण बंद करा. दुसऱ्या टेबलावर कुणी बिल करत असताना कॉपी घेतली, तर काही फायली आधीच्या आणि काही नंतरच्या अशी अर्धवट प्रत तयार होते. ती दिसायला धड दिसते आणि उघडताना अडते. त्यापेक्षा टॅलीचीच सोय बरी : टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘डेटा’, त्यात ‘बॅकअप’. परत आणताना त्याच मेन्यूतलं ‘रिस्टोअर’. पण रिस्टोअर करताना चालू डेटाचं फोल्डर कधीही देऊ नका, नाहीतर आजचा डेटा जुन्याखाली जाईल. वेगळं रिकामं फोल्डर करून त्यात आणा, कंपनी उघडून ट्रायल बॅलन्स पाहा, मग काय ते ठरवा. महिन्यातून एकदा अशी तपासणी करायला पंधरा मिनिटं पुरतात, आणि दुकानातल्या माणसाकडूनही ती एकदा करवून घ्या.

पेन ड्राइव्ह दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नका. आजचा ड्राइव्ह घरी न्या.

प्रश्न : ऑनलाइन सेलमध्ये ५०० रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह मिळाला. सगळे फोटो त्यात गेले, कॉपी होताना काही अडलं नाही. आता अर्ध्याहून जास्त फोटो उघडत नाहीत.
— शेळगी

उत्तर : ड्राइव्ह बनावट आहे. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि तिच्यावरचा कंट्रोलर संगणकाला ‘मी २ टीबी’ असं खोटंच सांगतो. चिप भरली की पुढच्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच जात नाहीत, पण यादीत नावं दिसत राहतात. जे फोटो उघडत नाहीत ते त्यात नाहीतच. कुठल्याही रिकव्हरीला पैसे देऊ नका. मूळ फोटो फोनमध्ये किंवा संगणकात असतील तर ते आधी दुसरीकडे घ्या, ड्राइव्ह परत करा.

यापुढे कोणताही नवा पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आधी ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ या छोट्या मोफत प्रोग्रॅमनं तपासा. तो पूर्ण जागा भरेपर्यंत १-१ जीबीच्या फायली लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. ६४ जीबीला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. शेवटी त्रुटीविना पूर्ण झाल्याचा संदेश आला तर माल खरा. ही तपासणी रिकाम्या ड्राइव्हवरच करायची.

प्रश्न : लग्नपत्रिका, हँडबिल, श्रद्धांजलीचे बॅनर असं डीटीपीचं काम घरूनच करते. संगणक बंद पडला, पण सगळ्या फायली हार्ड डिस्कवर घेतलेल्या होत्या म्हणून निश्चिंत होते. नव्या संगणकावर फायली उघडल्या तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. डेटा खराब झाला का?
— साखर पेठ

उत्तर : नाही ताई, डेटा शाबूत आहे. फॉन्ट मागे राहिला आहे. बॅकअपवरच्या इंग्रजी लेखनात हा मुद्दा सहसा येत नाही आणि आपल्याकडे मात्र शेकडो डीटीपीवाल्यांना तो भोवतो, म्हणून जरा सविस्तर.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि त्याच्या जागी ‘क’ दाखवायचा की ‘का’, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट नसला की आतलं खरं अक्षर दिसायला लागतं. वर प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीत केलेली पत्रिका कृतिदेव लावून वाचता येत नाही.

आधी आत्ताचं काम. कोरल ड्रॉमध्ये फाइल उघडताना न सापडलेल्या फॉन्टची यादी येते. ती घाईत ‘ओके’ करून घालवू नका, नावं लिहून घ्या. दुसरा फॉन्ट लावून फाइल सेव्हही करू नका. मग जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलनं नव्या संगणकाला जोडा. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, म्हणून अडॅप्टरसह येणारी केबल मागा. डिस्क चालू असेल तर फॉन्ट दोन ठिकाणी शोधा. एक, विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’. दोन, यूझर्समध्ये तुमच्या नावाखाली ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत साधं ‘इन्स्टॉल’ दाबून टाकलेले फॉन्ट या दुसऱ्या जागी जातात आणि तिथे कुणी बघत नाही. ‘ॲपडेटा’ लपवलेलं असतं. ‘व्ह्यू’ मध्ये ‘हिडन आयटम्स’ वर खूण केली की दिसेल. सापडलेले टीटीएफ फॉन्ट आधी दुसरीकडे कॉपी करा. नव्या संगणकावर टाकताना सगळे निवडून राइट क्लिक आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’. फॉन्ट सॉफ्टवेअरला लायसन्सची की किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावून ठेवायची छोटी किल्ली) असेल तर ते सॉफ्टवेअर रीतसर टाकून घ्या; नुसत्या टीटीएफवर जुनी फाइल दिसेल, पण टाइप करायचा कीबोर्ड मिळणार नाही.

पुढच्यासाठी बॅकअपमध्ये तीन गोष्टी जोडीनं असू द्या : फॉन्टचं फोल्डर, फॉन्ट सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलर आणि लायसन्सची नोंद. शिवाय प्रत्येक पूर्ण कामाची पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय का ते ‘प्रॉपर्टीज’ मधल्या फॉन्टच्या टॅबवर दिसतं. कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवलीत तर ती कुठेही तशीच उघडेल, पण तिच्यातला मजकूर पुन्हा बदलता येत नाही. म्हणून कर्व्ह्जची प्रत मूळ फाइलऐवजी ठेवायची नाही, मूळ फाइलसोबत ठेवायची. पेजमेकरमध्ये फोटो बहुतेकदा फाइलच्या आत नसतात, फक्त जोडलेले असतात; ‘सेव्ह ॲज’ मध्ये जोडलेल्या सगळ्या फायली सोबत घेण्याचा पर्याय आहे, तो वापरा. कोरलमध्ये हेच काम ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ करतं आणि ते फॉन्टही सोबत गोळा करतं.

फायलींची नावं मराठीत असतील आणि झिप करून ठेवायची असतील, तर सेव्हन-झिप वापरा. जुन्या विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये मराठी नावं अडतात. आणि फोल्डरात फोल्डर करत नाव लांबलचक झालं, म्हणजे संपूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पलीकडे गेला, तर ती फाइल कॉपी होताना राहून जाते. ‘लग्नपत्रिका फायनल नवीन दुरुस्त शेवटची’ अशी नावं आवरा.

प्रश्न : फोनमधले फोटो गूगल फोटोजवर जातात, तेव्हा बॅकअप आहेच असं समजत होते. फोन भरला म्हणून जुने फोटो उडवले तर ते गूगलवरूनही गेले. हा कसला बॅकअप?
— जुळे सोलापूर

उत्तर : ही जुळवणी म्हणजे सिंक. ती दोन्ही बाजू सारख्या ठेवते, पुसण्याच्या बाबतीतसुद्धा. आधी गूगल फोटोजच्या ‘ट्रॅश’ मध्ये बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतात. फोनवरची जागाच मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं. ते फक्त फोनमधली प्रत काढतं.

गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून आहे, वनड्राइव्हची ५ जीबी. कागदपत्रांना ही पुरते, घरच्या सगळ्या फोटोंना नाही. पैसे भरून जागा वाढवणार असाल तर आधी अपलोडचा हिशेब करा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर तासाला ९ जीबी वर जातात, १०० जीबीला अकरा तासांहून जास्त लागतात. बऱ्याच घरगुती जोडण्यांत डाउनलोडपेक्षा अपलोड कमी असतो, तेव्हा इंटरनेटच्या वेगाची चाचणी करताना दुसरा, म्हणजे अपलोडचा, आकडा बघा. क्लाउड ही घराबाहेरची प्रत म्हणून उत्तम आहे; एकुलती एक प्रत म्हणून नाही. वर्षातून दोनदा ‘गूगल टेकआउट’ वरून सगळे फोटो उतरवून हार्ड डिस्कवर घ्या. फायलीचा आकार विचारला की १० जीबी निवडा, लिंक आली की लगेच उतरवा. ती आठवडाभरच चालते.

वनड्राइव्हबद्दल एक वेगळी सूचना. विंडोज ११ मध्ये संगणक सुरू करताना ‘फोल्डर बॅकअप’ ला हो म्हटलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरंच वनड्राइव्हच्या आत हलतात. फाइलपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती तुमच्या संगणकात नाहीच, फक्त तिचं नाव आहे. हार्ड डिस्कवर कॉपी करण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

प्रश्न : टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जेकार्डची डिझाइनं आणि ऑर्डरी एका संगणकात, तो कारखान्यातल्याच केबिनमध्ये, वर पत्रा. हल्ली सगळे म्हणतात हार्ड डिस्क सोडा, एसएसडी घ्या. बॅकअपसाठी काय घ्यावं?
— अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : संगणकाच्या आत एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) जरूर टाका, काम पळेल. कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी मात्र साधी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठतो. वीज न देता महिनोन्‌महिने पडून राहिली की तो भार हळूहळू गळतो, आणि उष्णता वाढेल तसा जास्त वेगानं गळतो. पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात एप्रिल-मे काढायचा तर हार्ड डिस्क जास्त भरवशाची. तिचा धोका वेगळा : आपटणं. चालू असताना टेबलावरून पडली तर संपलीच म्हणा.

बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तेव्हा त्या दिवसांत बॅकअप दुपारी घेऊ नका. सकाळी कारखाना उघडल्या उघडल्या घ्या. चालू डिस्क कापडावर, टॉवेलच्या गठ्ठ्यावर ठेवू नका, उघड्या लाकडी टेबलावर ठेवा. काम झाल्यावर झाकणाच्या डब्यात. सुताची तूस यूएसबीच्या तोंडात बसते आणि जोडणी सुटत राहते, म्हणून लावण्याआधी तोंड कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, तोंडाने फुंकू नका. संगणकाच्या पंख्यावर बसणारी तूसही दर महिन्याला काढा. आतली डिस्क तापून लवकर जाण्याचं कारखान्यांतलं ते मोठं कारण आहे.

डिझाइनच्या बाबतीत, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटसोबत प्रत्येक डिझाइनची बीएमपी प्रतही ठेवा. सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल आणि डोंगलच गेलं, तरी बीएमपी कुठेही उघडता येते. गिऱ्हाइकानं रंग किंवा किनार बदलायला सांगितली की जुन्या फाइलवर सेव्ह न करता नवा क्रमांक द्या. दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक ‘पहिलीच किनार द्या’ म्हणतं, तेव्हा ती सापडली पाहिजे.

आणि संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस असू द्या. तो दहा-पंधरा मिनिटं देतो. फाइल सेव्ह करून डिस्क नीट काढायला तेवढी पुरतात. कॉपी चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची फाइलींची यादीच बिघडू शकते.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, फोल्डर उघडायला फार वेळ लागतो. मित्र म्हणतो ‘चेकडिस्क’ मार.
— बाळे

उत्तर : मारू नका. चेकडिस्क फाइलींची यादी दुरुस्त करायला बघतं, त्यासाठी डिस्कवर लिहितं आणि भरपूर वाचायला लावतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेच नको असतं. टकटक म्हणजे डिस्कच्या आतलं डेटा वाचणारं डोकं (हेड) जागेवर बसत नाही. लगेच बंद करा. आतला डेटा मोलाचा असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर पुन्हा चालू न करता रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. डिस्क घरी उघडायची नाही.

आवाज नाही, नुसतीच मंद आहे, अशी डिस्क असेल तर आधी सर्वांत महत्त्वाचं फोल्डर कॉपी करून घ्या आणि मग ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम चालवा. त्यात पिवळा ‘कॉशन’ आला, विशेषतः ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टरपुढे शून्याहून मोठा आकडा दिसला, तर ती डिस्क बॅकअपसाठी वापरायची नाही. धडधाकट दिसणाऱ्या डिस्कचीही दर सहा महिन्यांनी ही तपासणी करा.

प्रश्न : विजेच्या झटक्यानं मुलीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. डिस्क चांगली आहे, बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर ती ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागते. आम्ही असं काही लावलंच नव्हतं.
— होटगी रोड

उत्तर : तुम्ही लावलं नसेल, विंडोजनं लावलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरीच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे, पण किल्ली कुठे आहे ते माहीत हवं. किल्ली म्हणजे ४८ अंकी आकडा, आणि अशा वेळी तो बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असतो. फोनवरून मुलीच्या खात्यात लॉगिन करा, ‘डिव्हाइसेस’ मध्ये त्या लॅपटॉपखाली बिटलॉकरच्या रिकव्हरी कीज दिसतील. एकाहून जास्त असतील तर संगणकाच्या पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती घ्या. खातं कॉलेजचं असेल तर तिथल्या संगणक विभागाला विचारा, की त्यांच्याकडे असू शकते. की कुठेच नसेल तर त्या डिस्कमधला डेटा कुणालाही काढता येणार नाही. काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

ज्यांचा लॅपटॉप चालू आहे त्यांनी आजच ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ इथे पाहावं. ‘ऑन’ असेल तर की कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून काही उपयोग नाही. त्याच कागदावर मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, बॅकअपच्या दोन्ही डिस्क कुठे आहेत ते आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लिहा, आणि तो कागद कुठे ठेवलाय हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.